आजीचा बिल्ला

नातवाला सुट्ट्या लागल्या तेव्हा त्याला घेऊन सावनेरला गेलो. वेस्टर्न कोलफिल्ड्सनं 2016 पासून तिथली भूमिगत खदान लोकांना पाहायला खुली केली आहे. डोक्यावर टोप, टोपाला दिवा. पोट्टं खूश! माझ्या खिशात मात्र आजीचा पितळी बिल्ला होता, खदानीच्या हाजरीचा. नंबर पार झिजलेला.

आमच्या चंद्रपूर भागात कोळसा जुना. वरोऱ्याची सरकारी खदान 1871 ची. तिच्या कोळशासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. 1906 ला ती खदान बंद झाली अन् बल्लारपूर पुढं आलं.

आजी बल्लारपूरकडच्या खदानीत उतरली ती दुसऱ्या महायुद्धात. बायांना जमिनीखाली काम करायला तेव्हा बंदी होती. पण युद्धात कोळसा कमी पडू लागला तशी 1943 ला सरकारनं ती उठवली, अन् युद्ध सरल्यावर 1946 ला पुन्हा लावली. बाईच्या जिवाची काळजी म्हणून बंदी, असं म्हणत. मग ती काळजी मधली तीन वर्षं कुठं गेली होती? आजीला कायद्यातलं काही ठाऊक नव्हतं. "एक दिवस या म्हणाले, एक दिवस नका येऊ म्हणाले," एवढंच ती सांगे.

पुरुष कोळसा पाडत, बाया टोपल्यानं टबात भरत. घरचं दीड एकर वावर सावकाराकडं गहाण होतं. आजा दम्यानं घरी बसलेला. आजीच्या मजुरीनं ते वावर सुटलं. आज मी कापूस लावतो तो त्यातच. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही, ही आमच्या घरची चूक. ती कोणा साहेबाच्या माथी मारता येत नाही.

"खापरपणजीचं टोपलं कुठं आहे?" नातवानं विचारलं. यंत्र जपता येतं बापा; बांबूचं टोपलं फुटलं की चुलीत जातं. आमच्याही घरी गेलं.

बिल्ला तिथंच द्यावा असं मनात होतं, म्हणूनच नेला होता. पण त्यावर नाव नाही, नंबर दिसत नाही. काचेमागं ठेवला तरी कोणाला काय कळणार? नाही दिला. परतताना बसमध्ये नातवानं तो मागून घेतला, वर कागद धरून पेन्सिल घासली. बराच वेळ घासत होता. शेवटचा आकडा सात निघाला.