स्वारीची वाट, मुक्कामाचं ताट

भिलाईहून बोलतोय. आजवर आपण किल्ले, लढाया आणि तहनामे यांवर बरंच बोललो. आज विषय जेवणाचा आहे, पण इतिहास सोडलेला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुलं हल्ली सुट्टीत एखादं शहर निवडतात ते तिथलं खाणं बघून. न्यू ऑर्लिन्सला जायचं ते गंबो खायला. गंबो म्हणजे भातावर वाढतात तो दाट, झणझणीत रस्सा. त्यातली भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आली, पीठ तुपात परतून रस्सा दाट करायची रीत फ्रेंचांची, आणि वरून भुरभुरायची सॅसाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळ रहिवाशांची. दुसरं शहर पिट्सबर्ग. हे पोलादाचं गाव, म्हणून माझं त्याच्याकडे जरा जास्त लक्ष. तिथल्या भट्ट्यांवर राबायला पोलंड आणि स्लोवाकियाकडून मजूर आले आणि त्यांच्या बायकांनी पियरोगी आणली. आपली करंजी तळण्याऐवजी उकडली आणि आत बटाटा भरला, तर जे होईल ते. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी तिथल्या चर्चच्या तळघरांत बायका आजही ती करून विकतात. तिथल्या बऱ्याच भट्ट्या कधीच विझल्या.

मग प्रश्न असा की आपल्या माणसांनी वसवलेल्या किंवा जिंकलेल्या गावांत असं काय आहे, ज्यासाठी वाट वाकडी करून जावं? आणि काही गावांत ते आहे, काही गावांत नाही, असं का? मी फौजेत होतो, त्यामुळे माझं उत्तर फौजी पद्धतीचं आहे. स्वारीवर आलेला माणूस घेऊन जातो. मुक्कामाला आलेला माणूस चूल मांडतो, आणि चूल मांडली की बाजारात जे मिळेल त्याच्याशी तडजोड करावी लागते. त्या तडजोडीतून गावाची चव तयार होते.

याचा उत्तम पुरावा बंगाल आणि तंजावर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ बंगालवर जात राहिल्या. भास्करपंत कोल्हटकर त्यांचा सेनापती. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्याला भेटीला बोलावून दगा दिला आणि मारलं. शेवटी चौथाई ठरली, ओरिसाचा महसूल मिळाला. राजकारण म्हणून हे यश. पण बंगालच्या ताटात या दहा वर्षांतलं काहीही नाही. तिथे उरलं ते पोरांना झोपवताना दाखवायचं ‘बर्गी’ आल्याचं भय, आणि गंगारामाचं ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य, ज्यात आपल्या फौजेने केलेली लूट सविस्तर लिहिली आहे. आपण ते वाचायला हवं, नुसत्या अटकेपार झेंड्यावर भागत नाही.

तंजावरचं उलट. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तिथे बसले आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसल्यांच्या घराण्यात राहिली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त. राजाबरोबर कारकून गेले, पुराणिक गेले, शिलेदार गेले, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्या बायका गेल्या. तिथे ज्वारी-बाजरीपेक्षा भात भरपूर, चिंच भरपूर, नारळ भरपूर, आमसूल दुर्मिळ. मग आमटी आंबट कशाने करायची? चिंचेने. आज तमिळ घरांत ‘पिटलै’ म्हणून जो पदार्थ होतो, त्याचं नाव जाणकार आपल्या पिठल्याशी जोडतात. पण ताटात येतं ते कारलं, तुरीची डाळ, चिंच आणि भाजून वाटलेला नारळ. बेसनाचा पत्ता नाही! नाव आपलं राहिलं, आतला माल तिथला झाला. ‘रसवांगी’ तशीच, नावातलं वांगं आपण लगेच ओळखतो. आणि ‘डांगर पचडी’ म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्याकडच्या ज्या घरांत अजून डांगर करतात, त्यांना हे सांगायला नको.

सांबाराचं नाव संभाजीमहाराजांवरून पडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती ऐकायला गोड आहे, पण तिला गोष्टच राहू द्या. तंजावरला आपल्या अभिमानासाठी याहून भक्कम ऐवज आहे. रघुनाथसूरींचा ‘भोजनकुतूहल’ हा सतराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ घ्या, धान्य, भाज्या आणि पक्वान्नांचे गुणदोष सांगणारा. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावाचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तर मराठीत आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने तो छापला आहे. तंजावरला गेलात तर बृहदीश्वर बघालच, पण त्या ग्रंथालयात अर्धा दिवस काढा, आणि जेवण एखाद्या साध्या खानावळीत घ्या.

आता नागपूर. इथे राजवाड्याचा संबंध नाही. नागपूरची ओळख झालेला सावजी रस्सा हलबा कोष्टी समाजाच्या घरातला, म्हणजे विणकरांचा. दिवसभर मागावर बसायचं, हातात पैसा बेताचा, मटणाचे महागडे तुकडे परवडायचे नाहीत. म्हणून खूर आला, आतडी आली (तिला सावजी भाषेत ‘सुंदरी’ म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला माझा सलाम). तेल जवसाचं, कारण विदर्भात जवस पिकतो. खसखस, धने, दगडफूल भाजून वाटलेला काळपट मसाला. ज्यांना मांस नको त्यांच्यासाठी पाटवडी रस्सा आणि डाळकांदा. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच दिवस, म्हणून ते नाव. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेला, विणकर गिरणीत शिरले, आणि पुढे मागाचं भागेना तसे काही घरांनी ओसरीवर पाटा-ताट मांडून खानावळी काढल्या. पुढे एम्प्रेस मिलही बंद पडली. रस्सा मात्र शहरभर आहे. पाट्यांवर ‘सावजी’ लिहिलेली सगळीच ठिकाणं खरी नाहीत. जिथे तेलाचा तवंग लाल भडक आणि चव नुसती तिखट, तिथून उठा. खरा रस्सा काळपट असतो आणि तिखटाच्या मागून मसाला लागतो.

इंदूर, बडोदा, बेळगाव यांवर थोडक्यात बोलतो, कारण तिन्ही तुमच्या परिचयाची आहेत. इंदूरला होळकरांच्या राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा. तिथला भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यातला गराडू, आणि वर चिवडा घातलेली साबुदाण्याची खिचडी! आपला उपासाचा पदार्थ तिथे रात्री अकराला चैन म्हणून खातात. पोहे वाफेवर ठेवलेले, त्यात बडीशेप, वर शेव आणि जिरावण. आपल्या कांदेपोह्यांच्या माणसाला पहिल्या घासाला ते गोडसर वाटतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा राहतो. महूला पोस्टिंग असताना आमच्या तुकडीतले निम्मे लोक शनिवारी रात्री सराफ्यात सापडायचे. बडोद्याची शेव-उसळ नावातच अर्धी गुजराती, अर्धी मराठी. बेळगावला कुंदा आणि मांडे. मांडे करणाऱ्या बाईचे हात एकदा बघाच, मला ते कुठल्याही कवायतीपेक्षा अवघड वाटतात.

आता माझ्या गावाकडे येतो. नागपूरहून मुंबई-हावडा मार्गाने पूर्वेला निघालं की राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. हीच दिशा १७४१ मध्ये भास्करपंताने धरली आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमवलं. पण इथे बंगालसारखं झालं नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. दसऱ्याला सोनं वाटायची छत्तीसगडमधली रीत त्यांच्या नावावर सांगतात. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला परकेपणा असा फारसा वाटला नाही.

तरी जेवणाच्या बाबतीत आपण इथे काय दिलं यापेक्षा इथलं काय आपल्यासारखंच होतं, हे बघणं मला जास्त मोलाचं वाटतं. इथली अंगाकर रोटी तांदळाच्या पिठाची, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली. विदर्भातले पानगे आठवा. अइरसा म्हणजे आपल्या अनारशाचा भाऊ. इडहर अळूच्या पानांना वाटलेली उडदाची डाळ लावून उकडतात आणि मग आंबट रश्श्यात सोडतात, म्हणजे अळूवडीला रस्सा. अमारी भाजी म्हणजे अंबाडी, चरोटा म्हणजे टाकळा, बोहार म्हणजे भोकर. तिवरा म्हणजे आपली लाखोळी, भात उभा असतानाच ओल्या बांधीत पेरायची. हे कोणी कोणाकडून नेलेलं नाही. एकाच जंगलाच्या आणि एकाच पावसाच्या दोन बाजू आहेत.

आणि या सगळ्याच्या मधोमध २ फेब्रुवारी १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. शेतजमिनी गेल्या, सेक्टर आले, आणि देशभरातून माणसं आली. माझे वडील भंडाऱ्याहून आले. आमच्या ब्लॉकमध्ये तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, बिहारी अशी घरं. रशियन तज्ज्ञही बरेच होते, पण ते कराराने आले आणि कराराने गेले. म्हणून भिलाईत कोणाच्या घरी बोर्श्ट शिजत नाही.

मग भिलाईची पियरोगी कोणती? सिव्हिक सेंटरला जाऊन शोधाल तर डोसा मिळेल, छोले मिळतील, बंगाली मिठाई मिळेल, आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या गावातल्यासारखीच. शेजारी शेजारी साठ-पासष्ट वर्षं राहूनही बाजारात सरमिसळ झाली नाही. ती झाली घरांत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या छत्तीसगडी मावशींनी आईला चिला शिकवला, तांदळाच्या पिठाचं धिरडंच ते. आईने तो पाटवडीच्या काळ्या रश्श्याबरोबर वाढला. फऱ्याला, म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या वळकट्यांना, तिने शेजारच्या तेलुगू काकूंची कढीपत्ता-मोहरीची फोडणी दिली. हे जेवण कुठल्या हॉटेलात मिळत नाही. आणि अशा घरांतली पुढची पिढी आता पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत आहे. कारखान्यात कायम कामगार पूर्वीच्या मानाने किती तरी कमी उरलेत. क्वार्टरं रिकामी होतात तशी ती स्वयंपाकघरंही बंद होतात. पिट्सबर्गला चर्चची तळघरं होती, म्हणून पियरोगी वाचली. आमची मंडळं गणपतीला नाटक बसवतात, जेवण मात्र कॅटररला सांगतात, आणि तो पनीर आणतो.

या गावचं सर्वांत जुनं अन्न तर सेक्टरच्या फाटकाबाहेरच राहिलं. बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीशी खायचा. त्याच दिवशीचा भिजवला तर बोरे. ओरिसाचा पखाळ, बंगालचा पांता, तमिळ माणसाचं पळैय सादम, सगळे एकाच कुळातले. भट्टीसमोर उभा राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात याहून थंड काय असणार? आसपासच्या खेड्यांतून सायकलवर येणारे कामगार बासी खाऊन यायचे, पण आम्ही सेक्टरची मुलं ते गरिबाचं अन्न समजायचो. १ मे २०२२ ला राज्य सरकारने कामगारदिनी बोरे-बासी खायचं आवाहन केलं आणि मंत्र्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी फोटो काढून खाल्ली. मला त्याचं हसू आलं नाही. साहेबाने लाजेची गोष्ट उघड खाल्ली की शिपायाची लाज जाते, हे मी मेसमध्ये आणि लंगरमध्ये पाहिलेलं आहे. पण वर्षातले उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आमच्या हॉटेलांच्या पाटीवर बासी नाही.

यायचं असेल तर पोळ्याच्या आठवड्यात या. बैलांचा सण विदर्भात आणि इथे एकाच अमावास्येला. इथे त्याला पोरा म्हणतात, लगोलग तीजा येते, लेकी माहेरी येतात, आणि घरोघरी ठेठरी-खुरमी तळली जाते. ठेठरी बेसनाची खारी, खुरमी गव्हाची आणि गुळाची. आधी रायपूरला उतरा. १८७५ चं महंत घासीदास संग्रहालय बघा, त्याच आवारात २०१६ पासून ‘गढ कलेवा’ आहे, तिथे चिला, फरा, बफौरी, अइरसा सगळं मिळतं. मग लोकल धरून दुर्गच्या बाजूला या. भिलाईत हॉटेल शोधू नका. ओळखीपाळखीचं कोणी ना कोणी इथे निघतंच, त्यांच्या घरी आधी निरोप द्या, आणि चिल्याबरोबर रस्सा करायला सांगा.