कॅप्सेसिन आणि आहारजन्य स्थूलता

मिरचीला तिखटपणा देणारे संयुग म्हणजे कॅप्सेसिन. तेलातुपाच्या खाण्याने साठणारी चरबी त्याच्या अर्काने आटोक्यात राहील का, हा गेल्या चार दशकांच्या संशोधनाचा विषय आहे. मिरचीची मोठी बाजारपेठ असलेल्या नंदुरबारच्या वाचकाला तो जवळचा वाटेल.

नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात ओली लाल मिरची येते. व्यापारी ती मोकळ्या मैदानावर, म्हणजे पथारीवर, उन्हात वाळवतात. मग मजूर स्त्रिया एकेक देठ खुडतात. या स्त्रियांच्या हातांची जी आग होते, तीही कॅप्सेसिनमुळेच. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन आग थांबत नाही. हे संयुग मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात तयार होते. मिरचीचा लाल रंग वेगळ्या द्रव्यांचा असतो, त्यामुळे लालभडक मिरची तिखट असेलच असे नाही.

१९८६ मध्ये जपानमधील कावादा, हागिहारा आणि इवाई यांनी ३० टक्के डुकराची चरबी असलेले खाद्य उंदरांना दिले. त्यात कॅप्सेसिन मिसळल्यावर मूत्रपिंडाभोवतीची चरबी कमी साठली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही मसाल्यांतील द्रव्ये आणि रक्तातील मेद यांवर दीर्घकाळ काम झाले. कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही१ या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवते. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतो. तो शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला. हा शोध २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा एक आधार ठरला. ग्राही चेतला की ॲड्रेनलिन स्रवते आणि तपकिरी चरबी उष्णतेच्या रूपाने ऊर्जा खर्च करते.

माणसांमध्ये मात्र परिणाम फारच लहान आहे. २०१२ च्या एका आढाव्यात कॅप्सेसिन वर्गातील द्रव्यांमुळे दिवसाचा ऊर्जाखर्च सुमारे ५० किलोकॅलरींनी वाढल्याचे आढळले. लहान चमचाभर तेलात जवळपास तेवढीच ऊर्जा असते. खानदेशी शेवभाजीच्या रश्शावर लाल तर्री तरंगते ती तेलाचीच, आणि तिखट जितके जास्त तितके तेलही सढळ पडते. म्हणूनच तिखट खाल्ल्याने वजन उतरते हा निष्कर्ष प्रयोगांवरून काढता येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातीलच धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत मात्र बालकांचे कुपोषण हा आजही मोठा आरोग्यप्रश्न आहे. त्या कुटुंबांसाठी ऊर्जाखर्च वाढवणारे कोणतेही द्रव्य निरुपयोगीच नव्हे, घातक ठरेल. शहरांत प्रश्न उलट, स्थूलतेचा आहे. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये स्थूलतेसाठी बॉडी मास इंडेक्सची मर्यादा २५ ठरवली. पोटाचा घेर पुरुषांत ९०, तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास धोका मानला जातो. स्थूल व्यक्तींना अर्काच्या कॅप्सूल घेण्यापेक्षा तर्री कमी करणे अधिक लाभाचे आहे. जठराचा दाह किंवा व्रण असलेल्यांनी तीव्र अर्क वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.