'एनर्जी' या शब्दाचे कुळ

केदारखेड्यात कोणा शेतकऱ्याला 'एनर्जी' म्हणजे काय, असे विचारले तर तो 'ताकद' म्हणेल. उत्तर वाईट नाही. 'ताकद' अरबीतून फारशीच्या वाटेने मराठीत आली, आणि अरबी पदार्थविज्ञानात एनर्जीला आजही त्याच कुळातला शब्द आहे.

'एनर्जी' मात्र ग्रीक. 'एन' म्हणजे आत, 'एर्गॉन' म्हणजे काम. जो कामात आहे, त्याची ती अवस्था. याच 'एर्गॉन'पासून 'जॉर्ज' हे नाव झाले. त्याचा अर्थ जमीन कसणारा. इंग्लंडच्या गादीवर या नावाचे सहा राजे बसले, नांगर कोणी धरला असेल तो असो!

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने दोन शब्द समोरासमोर ठेवले. गवंडी भिंत बांधीत असेल तर ती 'एनर्जिया'. नुसते बांधता येत असेल तर ती 'डायनॅमिस', म्हणजे क्षमता. इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द वक्त्याच्या बोलण्यातील जोरासाठी आला. पुढे टॉमस यंगने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, आपल्यासारख्याच श्रोत्यांपुढे दिलेली व्याख्याने १८०७ साली छापली. त्यांत हा शब्द त्याने गतिमान वस्तूच्या मापाला लावला. आज शाळेतली व्याख्या काय? 'कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा.' म्हणजे चालू कामाचा शब्द उलटून ॲरिस्टॉटलच्या दुसऱ्या शब्दाच्या जागी जाऊन बसला!

आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. या शब्दाच्या मागे लागलो ते एका भांडणामुळे. जालन्याकडे एका गोदामावर ट्रक दुपारपर्यंत आलेच नाहीत. हमाल सकाळपासून बसून. मुनीम म्हणाला, काम नाही तर मजुरी नाही. आम्ही म्हटले, यांची क्षमता तुम्ही अडवून ठेवलीत, तिचे दाम द्या. त्यावर त्याच्या शिकलेल्या पोराने पुस्तक काढले: डोक्यावर पोते घेऊन माणूस तासभर उभा राहिला तरी शास्त्राने कार्य शून्य. आम्ही गप्प झालो.

पुढे वाचून कळले की पोराने अर्धेच वाचले होते. पोते हलत नसले तरी स्नायू आतल्या आत आवळत-सुटत असतात, खाल्लेले अन्न जळते, त्याची उष्णता होते. कार्य शून्य, पण ऊर्जा खर्ची पडते. संस्कृतातल्या 'ऊर्ज्' शब्दात बळाबरोबर बळ देणारे अन्नही आहे. हमालाची भाकरी त्यात आली.

हे उत्तर सापडेतो गोदामावरची ती माणसे पांगली होती, आणि त्या सकाळची मजुरी बुडाली ती बुडालीच.