शुगर रे रॉबिन्सन

(3 मे 1921 – 12 एप्रिल 1989). अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धा. वेल्टरवेट गटात एकदा आणि मिडलवेट गटात पाच वेळा जगज्जेता. मूळ नाव वॉकर स्मिथ ज्युनिअर. बालपण डेट्रॉइटमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गेले. वय कमी असल्यामुळे त्याने रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाच्या ओळखपत्रावर स्पर्धेत भाग घेतला आणि तेच नाव त्याला कायमचे चिकटले. ‘शुगर’ हे त्याच्या मोहक शैलीला मिळालेले विशेषण. 1939 व 1940 साली ‘गोल्डन ग्लोव्हज’ या हौशी स्पर्धा जिंकून 4 ऑक्टोबर 1940 रोजी तो व्यावसायिक रिंगणात उतरला.

सलग 40 लढती जिंकल्यावर फेब्रुवारी 1943 मध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवले. लामोटा त्या दिवशी त्याच्यापेक्षा सुमारे सात किलोंनी जड होता. दोघे एकूण सहा वेळा भिडले आणि त्यांतल्या पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या. त्या पहिल्या पराभवानंतर आठ वर्षांहून अधिक काळ तो अपराजित राहिला. तरीही जगज्जेतेपदाची संधी मिळायला डिसेंबर 1946 उजाडले. मुष्टियुद्धाच्या धंद्यावर पकड असलेल्या गुंडांशी त्याने जुळवून घेतले नाही, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. अखेर टॉमी बेलला नमवून तो वेल्टरवेट विजेता झाला. 1947 मध्ये क्लीव्हलँड येथे त्याच्या ठोशाने कोसळलेला जिमी डॉयल मरण पावला. पुढच्या लढतींच्या कमाईतला वाटा त्याने डॉयलच्या आईला दिला.

14 फेब्रुवारी 1951 रोजी शिकागोत तेराव्या फेरीत लामोटाची लढत पंचांना थांबवावी लागली आणि मिडलवेटचे विजेतेपद रॉबिन्सनकडे आले. जुलैमध्ये लंडनला रँडी टर्पिनने ते हिरावले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला, डोळ्यावरच्या जखमेतून रक्त वाहत असताना, रॉबिन्सनने ते दहाव्या फेरीत परत जिंकले. जून 1952 मध्ये त्याने आणखी वरच्या, लाइट हेवीवेट गटाच्या जोई मॅक्सिमला आव्हान दिले. यांकी स्टेडियमवर त्या रात्री इतका उकाडा होता की पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच दहाव्या फेरीनंतर बदलावे लागले. गुणांत आघाडीवर असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी उठूच शकला नाही.

त्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि 1955 मध्ये परतला. मे 1957 मध्ये जीन फुलमरविरुद्ध त्याने आधी पोटाकडे ठोसे मारून फुलमरचे लक्ष खाली खेचले आणि पाचव्या फेरीत डाव्या हुकचा एकच ठोसा थेट जबड्यावर दिला. फुलमर त्याआधी कधीही नॉकआउट झाला नव्हता. मार्च 1958 मध्ये कार्मेन बॅसिलियोला हरवून त्याने मिडलवेट पद पाचव्यांदा मिळवले. शेवटची लढत तो नोव्हेंबर 1965 मध्ये, 44 व्या वर्षी हरला.

वेगवेगळ्या वजनांचे योद्धे एका फूटपट्टीने कसे मोजायचे, हा क्रमवारीतला जुना वाद आहे. ‘पाउंड फॉर पाउंड’ ही कसोटी सर्वतोमुखी झाली ती मुख्यत्वे रॉबिन्सनमुळे. ‘द रिंग’ मासिकाने 2002 साली केलेल्या मागील 80 वर्षांतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्यांच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला होता. हेन्री आर्मस्ट्राँग, मुहम्मद अली व जो लुईस त्याच्या मागे होते. सुमारे 200 लढतींतील 19 पराभव पाहून कोणी या स्थानाबद्दल शंका घेईल. पण त्यांतले 16 पराभव 1955 च्या पुनरागमनानंतरचे आहेत, म्हणजे तिशी ओलांडल्यानंतरचे. पहिल्या निवृत्तीपर्यंत तो फक्त तिघांकडून हरला होता: लामोटा, टर्पिन आणि मॅक्सिम. त्यांपैकी लामोटा आणि टर्पिन यांची त्याने पुढे परतफेड केली. त्याला अव्वल स्थान देणाऱ्यांचा निवाडा या बारा वर्षांवर उभा आहे आणि तो योग्यच आहे.