रानांतून निघालेलें एक विशेषण

इंग्रजी वाचणाऱ्या घरांत ‘सॅव्हेज’ हें विशेषण परिचयाचें आहे. क्रूर, हिंस्र, असंस्कृत असा त्याचा अर्थ शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु या शब्दाचें मूळ शोधूं गेल्यास तेथें क्रौर्याचा मागमूस लागत नाहीं. लॅटिन भाषेंत ‘सिल्वा’ म्हणजे रान, आणि ‘सिल्वाटिकुस’ म्हणजे केवळ ‘रानांतला’. लोकांच्या तोंडीं त्याचें ‘साल्वाटिकुस’ झालें, फ्रेंचांनीं त्याचें ‘सोव्हाज’ केलें, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास तो शब्द इंग्रजींत उतरला. आरंभीं तो न माणसाळलेल्या पशूंस व ओसाड भूमीस लावीत; पुढें तो माणसांसही लागला. नगरांत राहणाऱ्यांनीं रानाविषयींची आपली भीति त्यांत भरली आणि ‘रानांतला’ तो ‘क्रूर’ ठरला.

मराठीही या दोषापासून मुक्त नाहीं. ‘अरण्य’ शब्दाचें ‘रान’ झालें, आणि ‘रानटी’ हा शब्द शिवीसारखा वापरण्यांत येऊं लागला. ‘जंगली’ची गत तीच. वस्तुतः संस्कृतांत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. वैद्यकग्रंथांत त्याची पाणथळ ‘आनूप’ देशाशीं तुलना आहे. शिवाय ज्या अरण्यापासून ‘रानटी’ आला, त्याच अरण्यापासून ‘आरण्यक’ हें नांव निघालें, व तें वेदवाङ्मयांतील गहन चिंतनाच्या ग्रंथांस मिळालें.

या विशेषणाची परीक्षा चांद्याच्या मुलखांत होते. गडचांदूरजवळच्या डोंगरांत माणिकगड आहे. तो पुढें गोंड राजांच्या ताब्यांत होता. त्यांची राजधानी बल्लारपूर व नंतर चांदा येथें होती. चांद्याचा परकोट आणि जटपुरा दरवाजा त्या राज्याची साक्ष देतात. १७५१ मध्यें तें नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. एवढा इतिहास असूनही एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लिखाणांत गोंडांची गणना रानटी जमातींत होऊं लागली. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या बाबुराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी देण्यांत आलें.

ज्यास रानटी म्हटलें, त्याचा रानावरील हक्क नाकारणेंही सोपें झालें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आपल्या प्रास्ताविकांत वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें मान्य केलें. २००९ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘रानांतला’ या शब्दास त्याचा पहिला, निर्दोष अर्थ परत मिळावयाचा असेल, तर तो याच वाटेनें मिळेल.