काडी, राखुंडी आणि मिश्री



वसंत व्याख्यानमालेत थोरामोठ्यांची चरित्रे, लढाया आणि राज्यक्रांत्या यांवर बोलण्याची वहिवाट आहे. आम्ही दात घासण्याच्या इतिहासावर बोलणार असे कळताच आमच्या काही मित्रांनी दात काढले. त्या निमित्ताने त्यांचे दात आम्हांस नीट पाहता आले, आणि विषय योग्यच निवडला आहे अशी आमची खात्री झाली! आम्ही दंतवैद्य नाही; शाळेतही फार दिवस बसलो नाही. आयुष्याची तीस वर्षे मजुरांच्या संघटनेत गेली आणि जे काही वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर कंदिलाशी नाहीतर दिव्याशी बसून वाचले. पण मजुरांशी समोरासमोर बोलण्यात जन्म गेल्यामुळे त्यांची तोंडे आम्ही फार जवळून पाहिली आहेत. त्या तोंडांत जो इतिहास दिसला तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. समुद्रापलीकडे माल धाडणारी ही नामांकित पेठ होती. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. हत्तीचा दात सुमारे दोन हजार वर्षे टिकला; पण त्या काळचा तेरचा कारागीर स्वतःचे दात कशाने घाशीत असे, याचा पुरावा त्या संग्रहालयात मिळावयाचा नाही. काडी चावली, वापरली, फेकली, मातीला मिळाली. राजांची नाणी उरतात, गरिबाची काडी उरत नाही. म्हणून हा इतिहास काही ग्रंथांत आणि काही आपल्या घरांतल्या सवयींत शोधावा लागतो.

ग्रंथांचे म्हणावे तर चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांनीही दंतधावनाचा विचार केला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात काडीचे मापच दिले आहे. काडी करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळे लांब आणि सरळ असावी. ती रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा तुरट, तिखट वा कडू झाडांची असावी. टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा न होईल अशा बेताने दात घासावे. तेही सकाळी एकदा आणि जेवल्यानंतर पुन्हा. श्रोतेहो, आजचा दंतवैद्य मऊ ब्रश घ्या, हिरड्या जपा आणि दिवसातून दोनदा दात घासा, असे सांगतो. हजारांहून अधिक वर्षांचे अंतर मध्ये असूनही दोघांच्या सांगण्यात किती थोडा फरक आहे!

ज्यांनी हे ग्रंथ डोळ्यांनीही पाहिले नाहीत त्या खेड्यांतील माणसांनाही हे ज्ञान होते. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे पहाटे शेताकडे जाताना लिंबाची नाहीतर बाभळीची काडी मोडून घेत आणि वाटेने चावीत चालत. घरी बायका चुलीतली राखुंडी नाहीतर मीठ वापरीत. जेवण झाले की खळखळून चूळ भरल्यावाचून कोणी ओसरीवर येत नसे. तथापि जुने ते सगळेच सोने, असे म्हणणारे आम्ही नव्हे. राखेत, कोळशाच्या भुकटीत आणि विटेच्या चुऱ्यात खरखरीत कण असतात. त्यांनी दाताचे वरचे कवच झिजते, आणि ते एकदा गेले की नखासारखे किंवा केसासारखे पुन्हा उगवत नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण काही उगीच झालेली नाही. पूर्वीही दात पडतच होते.

मग विसावे शतक उजाडले आणि दातांची नवी विद्या आली. मुंबईत १९३३ साली नायर दंत महाविद्यालय निघाले. १९३७ साली कोलगेट कंपनीने भारतात ठाण मांडले. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीस आला; तोपर्यंत ब्रशाला डुकराचे केस लावीत. १९४८ साली दंतवैद्यांच्या व्यवसायाला शिस्त लावणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपला जिल्हा निजामी राजवटीतून मोकळा झाला. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत विको ही संस्था काढली आणि देशी वनस्पतींचे दंतमंजन घरोघर गेले. म्हणजे विसाएक वर्षांत वैद्य, ब्रश, मंजन आणि कायदा ही चारही साधने तयार झाली. जुने ज्ञान होतेच, नवेही आले. मग आमच्या मजूर बायकांची तोंडे काळी का राहिली?

याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर तो शब्द मिश्री हा आहे. कोणी तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजावयाची, चुरून तिची पूड करावयाची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची. दात साफ करण्याच्या नावाखाली ती घरात शिरते. परंतु ती मंजन नव्हे, तंबाखूच होय. तिच्यातले निकोटीन हिरडीवाटे रक्तात जाते, थोडा वेळ तरतरी वाटते, भूक मरते आणि दुखरी दाढ बधिर झाल्यासारखी वाटते. पुढे हिरड्या दातांपासून सुटतात, दाढ अधिकच दुखते, आणि ती थांबावी म्हणून पुन्हा मिश्री लावली जाते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे वजन घटते, हे आता सिद्ध झाले आहे. आमची आई मिश्री लावीत असे. पंचेचाळिशीच्या आत तिचे पुढचे दात गेले आणि पुढे जन्मभर ती भाकरी दुधात कुस्करून खात राहिली. दूध असेल त्या दिवशी दुधात, नाहीतर पाण्यात.

यावर सुशिक्षित मंडळी चटकन म्हणतात, हे अज्ञान आहे. आम्हीही एकेकाळी असेच म्हणत असू. एकदा उसाच्या एका फडावर सभेसाठी गेलो असता एका वृद्ध मजूर बाईला आम्ही म्हणालो, "मावशी, ही मिश्री सोडा आता. वाईट असते." ती म्हणाली, "ठावं हाय की दादा. पर दाढ ठणकाया लागली तर कोयता कोण धरील? एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो." आम्ही गप्प बसलो. अज्ञान तिचे नव्हते, आमचे होते.

ऊसतोडीचा हिशोब श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यावयाची आणि पाचसहा महिने पालावर राहून ती फेडावयाची. पहाटे अंधारात उठावे, भाकरी थापाव्या, फडावर जावे. गाडी लागली तर रात्रीही मोळ्या वाहाव्या. लिंबाची काडी चावायला पाव तास लागतो, ब्रशाला स्वच्छ पाणी लागते, दाढ काढून घ्यायला एक दिवस लागतो. मिश्रीला यांपैकी काहीच लागत नाही. वाग्भटाने जी सकाळ गृहीत धरली होती ती या बाईच्या वाट्याला आलीच नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, गरिबांच्या तोंडाचा इतिहास हा त्यांच्या वेळेचा इतिहास आहे.

कायद्याने काही केले नाही असे नव्हे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. परंतु कायदा कारखान्याच्या डबीपर्यंत पोचतो, चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचत नाही. २०१६–१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे थोडे, ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचे खरे ठाणे तोंडच आहे.

दुसरी गोष्ट साखरेची. ढोकीच्या तेरणा कारखान्याचे नाव जिल्ह्यात कोणास माहीत नाही? आपल्या उसाची साखर होते आणि ती चहातून, गोळ्याबिस्किटांतून पुन्हा आपल्याच पोरांच्या तोंडी येते. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्ल दाताचे कवच विरघळवते, आणि तिथेच कीड लागते. लाळ ही झीज थोडी थोडी भरून काढते. पण झोपेत लाळ कमी सुटते, आणि दिवसभर गोड चघळीत राहिल्यास तिला सवडच मिळत नाही. म्हणून रात्री निजण्यापूर्वीचे घासणे सकाळच्याहून महत्त्वाचे. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट आणि मऊ ब्रश असावा. ते नसेल तर ताजी काडी नीट चावून वापरावी. खाल्ल्यावर चूळ भरावी. मिश्री मात्र मुळीच नको. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर डॉक्टरकडे जावेच. तेथे खाडा पाहू नये.

पण खाडा पाहू नये, हे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणीकामगारांनी रविवारची सुटी मिळविली, ती काही उपदेश ऐकून नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारांसाठी पिण्याचे पाणी आणि हातपाय धुण्याची सोय बंधनकारक केली, तीही मागणी झाली म्हणूनच. ऊसतोड मजूर कारखान्यासाठी राबतो, पण फाटकाच्या बाहेर राबतो; म्हणून ते पाणी त्याच्या पालापर्यंत आले नाही. पालावर स्वच्छ पाणी, हंगामात एकदा दातांची तपासणी आणि दाढ काढल्याच्या दिवसाची मजुरी, एवढ्या तीन गोष्टी आम्ही मागत आहोत. दात कोरून पोट भरत नाही हे खरे. पण पोट भरावयाचे तर दात हवेतच.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर आपण दात घासूनच निजाल, अशी आमची खात्री आहे. घासताना नळाचे पाणी हातावर घ्याल तेव्हा त्या मावशीची एकदा आठवण करा, आणि आमच्या मागणीच्या कागदावर उद्या सही करा.