टांगणीची तार

'सस्पेन्स' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'टांगणे' हे क्रियापद आहे. मराठीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आपला जीव आधीपासूनच टांगणीला लागतो. पडद्यावर मात्र तो कशाला टांगला गेला, याचं माझ्यापुरतं उत्तर आहे : टेलिफोनच्या तारेला.

१९०१ साली पॅरिसमध्ये आंद्रे द लोर्द आणि शार्ल फोले यांचं 'ओ तेलेफोन' हे छोटं नाटक आलं. नवरा दूर गेलेला, घरात मारेकरी शिरलेले, बायको फोनवर. शेवटी प्रेक्षकांना दिसतो तो फक्त रिसीव्हर कानाला लावलेला माणूस. घरात काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावर वाचायचं. रंगमंचावर दोन घरं एकाच वेळी जिवंत ठेवणं अवघड, म्हणून ही युक्ती. सिनेमाला ती अडचणच नव्हती. १९०८ मध्ये पाथे कंपनीने याच धाटणीचा एक फ्रेंच लघुपट काढला, आणि १९०९ मध्ये अमेरिकेत दिग्दर्शक ग्रिफिथने 'द लोनली व्हिला'. घर, चोर, धावणारा नवरा; पुन्हा घर, पुन्हा चोर. तुकडे आलटून पालटून जोडायचे. नाटकातला नवरा हतबल होता, सिनेमातला वेळेवर पोचू लागला. तिकीट काढून आलेल्यांना बहुधा तेच हवं होतं.

म्हणजे १९१३ च्या जुलैमध्ये लॉइस वेबरचा 'सस्पेन्स' आला तेव्हा गोष्ट पार शिळी झाली होती. लांबी जेमतेम दहा मिनिटं. पटकथा वेबरची, बायकोची भूमिका तिचीच, दिग्दर्शन तिचं आणि तिचा नवरा फिलिप्स स्मॉली याचं. (आपल्याकडे दोनच महिने आधी गिरगावात कोरोनेशन थिएटरला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता, त्यात तारामतीची भूमिकाही एका पुरुषानेच, अण्णा साळुंके यांनी केली होती.)

शिळ्या गोष्टीला ऊत आणायचा तर घरच बदलावं लागतं. मोलकरीण नोकरी सोडते, चिठ्ठी ठेवते आणि बाहेर पडताना किल्ली पायपुसण्याखाली सरकवते. हे आपण पाहतो. आत बाळाला घेऊन बसलेल्या आईला पत्ता नाही. मग एक भटक्या येतो, घराभोवती फिरतो, आणि आपल्याला त्याच्यापेक्षा त्या पायपुसण्याचीच भीती वाटू लागते. चाकू नंतर निघतो. खरं हत्यार किल्ली.

आई वरच्या खिडकीतून खाली वाकते. कॅमेरा तिच्या जागी. थेट खाली भटक्याचं डोकं. तो मान वर करतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. फोनच्या वेळी वेबर पडदा तीन त्रिकोणांत कापते : बायको, नवरा, भटक्या, एकाच क्षणी. ग्रिफिथ ज्याच्यासाठी आलटून पालटून धावत होता, ते तिने एका चौकटीत बसवलं. मग भटक्या तार कापतो.

नवरा रस्त्यावरची कुणाची तरी मोटार पळवतो, मागे मालक आणि पोलीस. पाठलाग दिसतो कुठे? मोटारीच्या बाजूच्या छोट्या आरशात. तो आरसा मला सगळ्या सिनेमात सर्वांत आवडतो. मागचं संकट पुढे बघतानाच दाखवायची इतकी सोपी सोय दुसरी नाही. इकडे भटक्या जिना चढतो, कॅमेऱ्याच्या दिशेने, चेहरा वाढत वाढत पडदाभर होईपर्यंत.

आणि हे सगळं मुकं. कानाने ऐकलेल्या भीतीतून जन्मलेला प्रकार असा बिनआवाजाचा वाढला. आवाज थिएटरातल्या पियानोवाल्याने पुरवायचा. त्याच १९१३ मध्ये जे. एस. झामेक्निकने मूकपटांसाठी तयार चालींचं पुस्तक काढलं. त्यात धावपळीच्या प्रसंगांच्या चाली वेगळ्या दिलेल्या होत्या. पण 'सस्पेन्स' मी संगीत बंद करून पाहिला, तेव्हा जिन्याचा तो प्रसंग अधिक अंगावर आला. चाल वाजली की पुढे काहीतरी होणार हे कळतं. शांततेत ते कळत नाही.

मोबाइल आला आणि या घराण्याची पंचाईत झाली. कापायला तारच उरली नाही. मग लेखकांनी बॅटरी संपवली, जंगलात, घाटात, जुन्या वाड्यांत रेंज घालवली. आजच्या दहा मिनिटांच्या थरारपटातली मुलगी गच्चीवर जाऊन मोबाइल धरलेला हात उंच करून उभी असते, आणि खाली दारापाशी पायपुसणं थोडं सरकलेलं असतं.